इतिहास निवडण्याचा ऑगस्ट

ऑगस्टच्या शेवटी मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये पिवळ्या स्कूलबस रिकाम्याच फिरू लागतात. शाळा उघडायला अवकाश असतो, ड्रायव्हर रस्ते पाठ करत असतात. कोपऱ्यावर बस थांबते, दार उघडतं, कोणी चढत नाही, दार मिटतं. समोरच्या मेपलची एकच फांदी लाल झालेली असते, बाकीचं झाड अजून उन्हाळ्यातच असतं. आमच्या घरापुढे ही बस कधी थांबत नाही, कारण माझी दोन्ही नातवंडं घरीच शिकतात. तरी ती दिसली की आमच्या घरालाही शाळेचा वास सुटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, नव्या छपाईचा, आणि मुग्धाच्या सारख्या गार होणाऱ्या कॉफीचा.

मुग्धा ही माझी लेक. तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर मी आणि माझी बायको सुमन राहतो. महामारीच्या काळात तिनं मुलांना घरी शिकवायला घेतलं ते आवडलं म्हणून पुढे तसंच चालू ठेवलं. सुरुवातीला मी कुरकुर केली होती. आयुष्यभर मोटारींच्या कंपनीत ब्रेकची डिझाइनं तपासणाऱ्या माणसाला शाळेशिवाय शिक्षण म्हणजे चाकाशिवाय गाडी वाटते. आता मी कुरकुरत नाही. भाजी निवडता निवडता अपूर्णांक विचारणारी नातवंडं फार थोड्या आजोबांच्या वाट्याला येतात.

यंदाही खोकी आली आहेत. ती फोडल्याचा आवाज वरून आला आणि मला एकदम तो काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठवला, जेव्हा आम्ही सगळे मिळून आधुनिक इतिहास निवडत होतो. ईरा तेव्हा बारा वर्षांची होती, कबीर दहाचा. प्राचीन इतिहास झाला होता, मध्ययुग झालं होतं. पिरॅमिड, रोमन रस्ते, किल्ले, सगळं मजेत पार पडलं. हजारो वर्षांपूर्वी कोणी कोणाला मारलं तर घरातलं कोणी त्यात नसतं. आधुनिक इतिहासाची गोष्ट वेगळी. तो जेवणाच्या टेबलापर्यंत येतो, खुर्ची ओढतो आणि बसतो.

हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मी खुशीत होतो. मुग्धानं मला ‘कन्सल्टंट’ नेमलं होतं.

टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती. एक अभ्यासक्रम गोष्टींच्या पुस्तकांतून इतिहास शिकवणारा, एक जाडजूड पाठ्यपुस्तकाचा, एक सगळा कंप्यूटरवर, ज्यात एक कार्टून घुबड महायुद्धांची माहिती देत होतं. सुमन त्या घुबडाकडे बघून म्हणाली, “एवढी माणसं मेली आणि हे डोळे मिचकावतंय.” घुबड बाद झालं.

ईराची परीक्षा घेण्याची पद्धत ठरलेली होती. पुस्तक हातात आलं की ती थेट मागची सूची उघडायची आणि ‘इंडिया’ शोधायची. “गांधी, गांधी, मॅप, टी,” ती वाचून दाखवायची. “आजोबा, धिस वन हॅज टी ट्वाइस!” कबीर रणगाड्यांची चित्रं मोजायचा आणि ज्या पुस्तकात सगळ्यात जास्त त्याची वकिली करायचा. माझ्याकडे शेवटचं प्रकरण असायचं. लेखक किती धीट आहे ते शेवटच्या प्रकरणात कळतं, अशी माझी समजूत. बहुतेक सगळे तिथे इंटरनेटचा एक फोटो आणि थोडी आशा देऊन पळ काढत होते.

एका शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये जुन्या अभ्यासक्रमांची विक्री होती. चाकांच्या पेट्या ओढत आया आल्या होत्या, काही बाळं कडेवर, काही पेट्यांत. तिथे मला एक गंमत दिसली. इतिहासाच्या प्रत्येक जुन्या पुस्तकाची पहिली पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, कुठे जॅमचा डाग. आणि शेवटची पानं कोरी करकरीत. दरवर्षी मे उजाडतो आणि आधुनिक काळ राहून जातो. आमच्या वाईच्या शाळेतही तसंच व्हायचं. सर पानिपतावर इतके रमायचे की स्वातंत्र्य मिळायच्या आत परीक्षा यायची.

“म्हणूनच मला हे वर्ष नीट करायचंय, बाबा,” घरी येताना मुग्धा म्हणाली. “आणि आपण घरची स्टोरी सेंटरला ठेवणार आहोत. आजोबांची. बेचाळीस सालापासून सुरुवात करू. दॅट विल बी अवर स्पाइन.”

ती ड्राइव्ह करत होती, नजर रस्त्यावर होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. मक्याची शेतं होती. फार लक्षपूर्वक पाहण्यासारखी नव्हती.

तिचे आजोबा म्हणजे माझे वडील, अण्णा. आमच्या घरात त्यांची कथा अशी होती. बेचाळीसच्या चळवळीत ते पिठाची गिरणी चालवत आणि भूमिगतांची पत्रकं पिठाच्या डब्यांत लपवून गावोगाव पोचवत. एके दिवशी पोलीस आले, तेव्हा ते ताठ मानेनं पुढे झाले आणि हसत तुरुंगात गेले. वर्षभरानं सुटले. ही कथा मुग्धा सहावीत असताना मी तिला सांगितली. शाळेत ‘पूर्वज दिवस’ होता. वर्गातल्या कोणाचे खापरपणजोबा अमेरिकन यादवी युद्धात लढलेले, कोणाची पणजी जहाजातून एकटी आलेली. मुग्धा स्वयंपाकघरात माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “बाबा, व्हॉट डिड वी डू?” मी ऑफिसमधून दमून आलो होतो. अण्णांचं वाईच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. त्या बघणाऱ्या डोळ्यांना कापडाचं दुकान काय सांगायचं? मी एका दमात ती गिरणी सांगून टाकली.

गिरणी होती. पत्रकं होती, तुरुंगही होता. फक्त माणूस आमचा नव्हता. ते गोविंदकाका, आमच्या समोरच्या घरातले. माझा जिवलग मित्र अरविंद याचे वडील.

लेकीला एक गोष्ट दिली की ती कुठवर जाते ते आपल्या हातात राहत नाही. शाळेत तिला टाळ्या मिळाल्या. मग मंडळाच्या गणेशोत्सवात तिनं तीच गोष्ट स्टेजवर मराठीत सांगितली, नऊवारी नेसून, एकही उच्चार न चुकता. अरविंद तेव्हा नुकताच ओहायोतल्या डब्लिनला स्थायिक झाला होता आणि खास आम्हाला भेटायला म्हणून त्या गणपतीला आला होता. तिसऱ्या रांगेत बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यानं मुग्धाच्या डोक्यावर हात ठेवला. “छान बोललीस हं,” म्हणाला. मग मसालेभाताच्या रांगेत तो माझ्या मागेच उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “मठ्ठा मस्त झालाय म्हणतात.”

एवढंच. नंतर आम्ही कितीदा भेटलो, मुलांची लग्नं केली, एकमेकांच्या बायपास आणि मोतीबिंदूला हजर राहिलो. त्या गोष्टीचं नाव कोणी काढलं नाही. आणि गोष्ट आपली वाढतच होती. मुग्धाच्या कॉलेजच्या अर्जात ती होती. तिच्या लग्नात जावयाच्या मित्रानं ती भाषणात घातली. आता ती माझ्या नातवंडांचा अभ्यासक्रम होणार होती.

त्या ऑगस्टची हवा फार सुंदर होती, हे मला मुद्दाम सांगायला हवं. सकाळी गवतावर दव, दुपारी सिकाडा किड्यांची किरकिर, संध्याकाळी ग्रिलचे धूर. सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिलवाल्यांनी पाट्या बाहेर काढायला सुरुवात केली होती. पाचसहा दिवस मी मन रमवायचा चांगला प्रयत्न केला. टोमॅटोंना काठ्या बांधल्या. गाडी धुतली. जावयाचीही गाडी धुतली, तेव्हा सुमनला संशय आला.

शेवटी मला पकडलं ते एका नमुना धड्यानं. मुग्धाला एक नवाच अभ्यासक्रम सापडला होता, लहानसा, फारसा चकचकीत नसलेला. त्यात प्रत्येक धड्याच्या शेवटी एकच काम असे: हे कोण सांगतंय आणि त्याला कसं माहीत, ते शोधा. चाचणीसाठी पहिला धडा फुकट होता. घरातल्या वडीलधाऱ्याला जुनी घटना विचारा, असं त्यात लिहिलं होतं. ईरा नाश्त्याच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसली. कबीर तिचा सहायक, फोनवर रेकॉर्डिंग करायला.

“आजोबा, पणजोबांची स्टोरी. ते जेलमध्ये गेले तेव्हा तुम्ही होतात?”

“नाही गं. माझा जन्म नंतरचा.”

“देन हू टोल्ड यू?”

“मला… घरी कळलं.”

“कोणी सांगितलं? पणजोबांनी स्वतः?” तिच्या आवाजात संशय नव्हता. धडा सांगत होता तसं ती विचारत होती. “डिड ही से, आय वेंट टु जेल?”

माझ्या हातातला पोहे भरलेला चमचा तसाच राहिला. अण्णांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेले, मोजपट्टी खांद्यावर. मी नातीला म्हटलं, “माझा गुडघा आखडलाय, जरा चालून येतो.”

“गुडघा आखडला की चालतात?” कबीरनं विचारलं.

परत आलो तर सुमन दारातच उभी. “सांगून टाका,” ती म्हणाली.

“काय?”

“मला काय विचारताय? सासूबाईंनी मला लग्नानंतर लगेच सगळं सांगितलं होतं. तुम्ही पोरीला सांगितलंत ते स्टेजवर ऐकलं तेव्हाच मी म्हटलं, आज ना उद्या बोलतील. आता ते भिंतीवरच्या टाइमलाइनवर चढायच्या आत बोला, नाहीतर उतरवायला शिडी लागेल.”

मी आधी अरविंदला फोन केला. त्याचं आहे ते त्याला आधी सांगायला हवं होतं.

“बोल बाळ्या,” तो म्हणाला. “प्रोस्टेट?”

“नाही रे.”

“मग गुडघा. मी सांगितलं होतं, करून टाक.”

“अरू, ऐक ना. मुग्धानं गणपतीत भाषण केलं होतं…”

 मी बोलत राहिलो. कसं बोललो ते आठवत नाही. वाक्यं मागेपुढे होत होती, ते आठवतं. सगळं झाल्यावर पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“मला वाटायचं, तू विसरला असशील,” तो म्हणाला. “काय सांगू तुला. त्या दिवशी राग आला होता. घरी जाताना गाडीत पोरांना म्हटलं, ती गोष्ट खरी तुमच्या आजोबांची आहे. थोरला म्हणाला, ओके डॅड. गेमवरून मान वर केली नाही त्यानं. मग माझा राग कुठे ठेवू? माझे बाबा तुझ्या घरात तरी जिवंत होते, माझ्या घरात कोणी विचारत नव्हतं.”

“तरीपण, अरू.”

“हो, तरीपण. एक बोचायचं. नाव. पोरगी एवढं छान बोलत होती, आता बाबांचं नाव घेईल, आता घेईल, असं वाटत होतं. आणि तिनं दुसरंच घेतलं.”

 मग तोच म्हणाला, “आणि एक सांगू? तू गोष्ट बिघडवलीस. हवालदारीणबाई कुठे गेल्या?”

त्या मी गाळल्या होत्या. खरी गोष्ट अशी की गोविंदकाका पकडले गेले ते स्वतःच्याच धांदरटपणानं. पत्रकाची घडी चुकून गावच्या हवालदाराच्या घरच्या ज्वारीच्या पिठात गेली, आणि त्याच्या बायकोच्या हाताला ती भाकरी थापायला बसल्यावर लागली. मला सहावीतल्या मुलीसाठी ताठ मानेचा माणूस हवा होता. डब्यांची अदलाबदल करणारा नको होता.

मुग्धाला सांगणं अवघड गेलं. ती डेकवर कुंड्यांना पाणी घालत होती. माझं बोलणं संपलं तरी पाण्याची झारी तिनं खाली ठेवली नाही, रिकामी झाली तरी तशीच धरून उभी राहिली.

“बाबा, माझ्या कॉलेजच्या एसेमध्ये होतं ते.”

“हो.”

“आय क्राइड ऑन दॅट स्टेज. तुम्ही समोर बसला होतात.”

“हो.”

“आणि अरविंदकाका?”

“तोही.”

ती आत गेली. त्यानंतरचे दिवस ती माझ्याशी सभ्यपणे वागली, आणि मुलीचा सभ्यपणा बापाला किती लागतो ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल. “बाबा, चहा हवाय का?” “बाबा, लायब्ररीत काही परत करायचंय का?” कन्सल्टंटला मीटिंगला बोलावणं येईना. मुलांना मात्र तिनं लगेच खरं सांगितलं होतं. कबीर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “सो व्हॉट डिड अवर पणजोबा डू?”

कापड विकलं, मी म्हणालो. पण तेवढंच नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं.

आज ते दिवस आठवताना हसू येतं. सगळं घर एका गिरणीभोवती गरगरत होतं, आणि पोस्टमन रोज नवीन नमुना पुस्तकं आणून टाकत होता: क्रांत्या, कारखाने, महायुद्धं. त्यातलं एकही कोणी उघडत नव्हतं. सुमननं त्या ढिगावर फडकं टाकून वर कोथिंबीर वाळत घातली.

कोंडी मुग्धानंच फोडली. तिनं मला न विचारता अरविंदला फोन केला आणि म्हणाली, “काका, तुम्ही येऊन सांगाल का मुलांना? नावासकट.”

तो पुढच्याच रविवारी आला. हायवेवर त्याला एकट्याला सोडत नाहीत, म्हणून थोरला मुलगा समीर गाडी घेऊन आला होता. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर मोजके केस उरलेला समीर, ज्यानं लहानपणी गेमवरून मान वर केली नव्हती. येताना अरविंदनं सायडर मिलवरचे गरम डोनट आणले होते, त्यांच्या तेलानं कागदी पिशवी पारदर्शक झाली होती. मुग्धा त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो म्हणाला, “अगं ऊठ, मला वाकून उठवता येणार नाही.”

टेबल मोकळं केलं होतं. ईरा समोर बसली. “फर्स्ट क्वेश्चन,” ती म्हणाली. “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“माझ्या आईनं. थोडं बाबांनी. ते कमी बोलायचे, गिरणीत काम करून कान गेले होते,” अरविंद म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. मी ती गोष्ट जन्मभर ऐकलेली, तरी ऐकलेली नव्हती. इंजिनाचा ढगढग आवाज, पट्टा घसरला की उडणारा फटाका, भुवयांवर पीठ बसून म्हातारा दिसणारा तिशीतला माणूस. पोलीस आले. धोतर पिठानं पांढरं होतं, तोंडही पांढरं होतं, त्यामुळे तो घाबरून पांढरा पडलाय हे कोणाला कळलं नाही. हवालदारीणबाईंच्या भाकरीपाशी कबीर इतका हसला की डोनटची साखर सगळ्यांच्या अंगावर. समीर सुरुवातीला बाहेरच्या सोफ्यावर फोन घेऊन बसला होता. मधे कधीतरी तो उठून आला, भिंतीला टेकला, मग एक खुर्ची ओढून बापाच्या शेजारी बसला. “डॅड, वेट,” तो म्हणाला, “हवालदार म्हणजे कॉप ना? द कॉप्स वाइफ?” अरविंद थांबला. त्यानं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, इंग्रजीत, फक्त समीरसाठी. आम्ही दुसऱ्यांदाही तितकेच हसलो.

ईरानं भिंतीवरच्या टाइमलाइनच्या पट्टीवर नाव लिहिलं आणि त्याच्याकडून तपासून घेतलं. गोविंद. मुग्धानं माझ्याकडे न बघता खुर्ची माझ्याकडे वळवली.

“बाबा, आता तुमचे बाबा.”

मी म्हटलं, दुकान होतं. ती थांबली. मी म्हटलं, ते चांगले होते. ती अजून थांबली. तेव्हा मी जे अरविंदलाही फोनवर सांगितलं नव्हतं ते सांगितलं. गोविंदकाका तुरुंगात गेल्यावर त्यांची बायको, अरविंदची आई, एकटी गिरणी चालवत होती. आणि माझ्या वडिलांनी आमचं दळण तिथे टाकायचं बंद केलं. पोलिसांचं लक्ष असेल, दुकानावर येईल, म्हणून. समोर गिरणी असताना वर्षभर माझी आई डोक्यावर डबा घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. अरविंदच्या आईच्या दारावरून. आईनंच मला हे सांगितलं. मुलांनो, तुमचे पणजोबा घाबरले होते. त्यांची गोष्ट एवढीच आहे.

 कबीरनं रेकॉर्डिंग चालू आहे का ते पाहिलं. मला अरविंदकडे पाहायचं धैर्य नव्हतं.

“हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “आणि एवढीच नाही गोष्ट. पुढचं तुला माहीत नाही वाटतं?”

“काय?”

“बाबा सुटून आले. पुन्हा गिरणीवर उभे राहिले. लोक हळूहळू यायला लागले, घाबरलेले सगळेच होते, तुझे अण्णा काही एकटे नव्हते. महिनाभरानं एक दिवस अण्णा आले. तुझ्या आईला नाही पाठवलं, स्वतः आले. भर गर्दीत, ज्वारीचा डबा हातात घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले. आई सांगायची, सगळ्या बायका गप्प झाल्या. बाबा काय बोलतात याच्याकडे सगळ्यांचे कान. बाबांनी डबा घेतला, वजनकाट्यावर ठेवला, आणि विचारलं, ‘बारीक की जाड?’”

ईरा वाट बघत राहिली. “दॅट्स इट?”

“दॅट्स इट,” अरविंद म्हणाला.

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. मग तिनं अरविंदला विचारलं, “मग? काय म्हणाले आजोबा?”

“काय म्हणणार? ‘बारीक’ म्हणाले. तीनदा सांगावं लागलं म्हणे.”

“कान गेले होते ना गोविंदकाकांचे,” मी म्हणालो.

“नाही रे,” अरविंद म्हणाला, “तेव्हा चांगले शाबूत होते. पहिल्याच वेळी ऐकलं होतं त्यांनी.”

सगळ्यांत आधी मुग्धा हसली. इतकी हसली की तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, आणि मग तिनं हात तिथेच राहू दिला.